खालची ओळ

धाकटीची साठी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. दोन वर्षांनी मोठी असलेली ताई घरात असेपर्यंत तिला बढती मिळण्याची काही शक्यता नव्हती. शेजारी, लाँड्रीची जुनी गिऱ्हाइकं, टपालवाला, सगळ्यांच्या तोंडी तेच नाव. एकदा दवाखान्यात "धाकटी कोण आहे?" असा पुकारा झाला आणि पिकल्या केसांची बाई उठून उभी राहिली, तेव्हा तिच्या मागे कुणी लहान मुलगी आहे का, ते नर्सने वाकून पाहिलं होतं.

तर या धाकटीचं नाव ताईने परस्पर ऑडिशनला देऊन टाकलं.

गावातलं जुनं नाट्यगृह बरीच वर्षं कुलूप लावून पडलं होतं. आता छप्पर बदलून, खुर्च्या बदलून ते पुन्हा उघडायचं ठरलं, आणि उघडताना बंद पडण्याआधी तिथे गाजलेलं संगीत नाटकच लावायचं, असं नव्या दिग्दर्शकाच्या मनात आलं. नावाड्याची मुलगी घर सोडून जाते, जगभर हिंडते आणि शेवटी परत येते, एवढीच गोष्ट. त्या काळी ताई त्यात नावाड्याची मुलगी व्हायची. धाकटी कोरसमध्ये असायची, दुसऱ्या रांगेत, डावीकडे, खांबाच्या थोडी मागे.

"तुझं नाव दिलंय," ताई म्हणाली. म्हणाली म्हणजे कुजबुजली. दोन वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, गाठ गेली, ताई वाचली आणि आवाज गेला. उरली ती कुजबुज. पण आवाज गेला म्हणून हुकूम थोडेच जातात? ताईने एक लाकडी डाव जवळ ठेवला होता. तो टेबलावर आपटला की घरात कुणी कुठेही असो, हजर व्हायचं. आणि घरात धाकटीशिवाय दुसरं होतंच कोण?

"कसलं नाव?"

"दाईच्या कामासाठी. दाईला एक अख्खं गाणं आहे. तुझ्या वयाला शोभेल."

"माझ्यापेक्षा तुझ्या वयाला जास्त शोभेल."

"माझा आवाज कुठंय?" ताईने हे अगदी सहज विचारलं.

खरं सांगायचं तर धाकटीला जायचं होतं. मरायच्या आधी एकदा तरी रंगमंचावर एकटीने उभं राहावं आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एक गाणं म्हणावं, असं तिला फार वर्षांपासून वाटत आलं होतं. हे तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ताईने लगेच सगळी सोय केली असती, आणि मग ते धाकटीचं राहिलंच नसतं.

नाट्यगृहाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं, की प्रत्येकाने आपल्या आवाजाला साजेसं एक गाणं तयार करून यावं. धाकटीने ते वाक्य उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचलं. आपल्या आवाजाला साजेसं. आपला आवाज कसला आहे, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं.

ताईने तोही प्रश्न सोडवून ठेवला होता. "'उजेड ठेव दारात' म्हणायचं. दुसरा विचार करायचा नाही."

'उजेड ठेव दारात, मी येते आहे' हे नावाड्याच्या मुलीचं शेवटचं गाणं. पडदा पडायच्या आधी ती परत येते तेव्हाचं. त्यातलं 'येते' पायऱ्या चढत चढत टिपेला जातं आणि तिथे थांबतं. ताई तिथे थांबली की प्रेक्षकांत कुणी खोकायचंसुद्धा नाही. गावातल्या जुन्या माणसांना अजून ते 'येते' आठवतं. परवा भाजीवालीनेच तो विषय काढला, तेव्हा ताई तिच्याकडे पाहून नुसती हसली आणि घरी आल्यावर संध्याकाळभर डाव आपटला नाही.

ऑडिशनला येणाऱ्यांची तयारी करून घ्यायला नाट्यगृहाने पियानो वाजवणाऱ्या एक बाई नेमल्या होत्या. चाळिशीच्या, चटपटीत, केसांत पेन्सिल खोचलेल्या. तालमीची खोली म्हणजे पूर्वीची कपडेपटाची खोली होती. भिंतीवरच्या खुंट्या तशाच होत्या, खाली खोक्यांत नव्या खुर्च्यांचे सुटे पाय भरून ठेवले होते. धाकटीने सवयीने तिसऱ्या खुंटीला पर्स अडकवली. तिची खुंटी तीच होती.

"म्हणा, मावशी. कुठल्याही पट्टीत म्हणा, मी पकडते तुम्हाला."

धाकटीने डोळे मिटले आणि 'उजेड ठेव दारात' सुरू केलं. पियानोवाल्या बाईंची बोटं तिच्या मागोमाग निघाली, अडखळली, पुन्हा निघाली, आणि मग त्यांनी हातच उचलले.

"हे कुठलं गाणं?"

"'उजेड ठेव दारात'."

"शब्द तेच आहेत, मावशी. पण चाल कुठाय?"

"हीच की."

बाईंनी एका बोटाने चाल वाजवून दाखवली. ती धाकटीला माहीत नव्हती थोडीच! उभा जन्म तिने ती ऐकली होती. पण ती म्हणायला तोंड उघडलं की तोंड आपलं खाली जाई, त्या चालीच्या हातभर खालून, तिला धरून धरून चालणाऱ्या दुसऱ्याच सुरांवर.

"दुसरं एखादं म्हणा बरं," बाई म्हणाल्या.

धाकटीने नाटकातलं दुसरं म्हटलं. मग तिसरं. मग शाळेतलं एक गाणं, मग रेडिओवर लागायची ती साबणाची जाहिरात. जाहिरातीच्या वेळी बाईंना हसू आवरेना. साबणाचा फेससुद्धा धाकटीकडे खालच्याच सुरात येत होता.

"मावशी, रागावू नका, पण तुम्हाला एकाही गाण्याची चाल येत नाही."

"येते की. सगळ्या पाठ आहेत."

"कानाला पाठ आहेत. तोंडातून कधी काढल्यात?"

धाकटीने आठवून पाहिलं. "चाल ताई म्हणायची," ती शेवटी म्हणाली.

ते असं होतं. त्यांच्या वडिलांची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे लांबलचक खोली, खोलीच्या एका टोकाला बॉयलर, दुसऱ्या टोकाला खिडकी आणि मधे इस्त्रीचं टेबल, एवढं लांब की त्याच्यावर चौघं निजले असते. लॉजच्या आणि दवाखान्याच्या चादरी यायच्या, ढिगांनी. चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात. दोन टोकं हिने धरायची, दोन तिने, मग झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, टोकं हातात द्यायची आणि पुन्हा मागे जायचं. हे तासन्‌तास करायचं म्हणजे जीव कंटाळून जातो, म्हणून त्या घरात गाणं आलं. गाण्याची एक ओळ म्हणजे एक चादर, असा हिशेब होता.

खिडकीच्या टोकाला आई असायची आणि बॉयलरच्या टोकाला बाबा. आईचा गळा उंच, बाबांचा आवाज टेबलाखालून यावा तसा. बाबांचं एक ठाम मत होतं. "दोघांनी एकच म्हणायचं असेल, तर दुसऱ्याने घसा कशाला सुकवायचा?" म्हणून आई चाल म्हणायची आणि बाबा तिच्या खालून आपलं काहीतरी वेगळंच, पण आईला कुठेही न धडकणारं. त्याला घरात खालची ओळ म्हणत. बाबा ती कुठून आणत, कुणास ठाऊक. कुठेही लिहिलेली नसायची. नवीन गाणं आलं की दोन दिवस नुसते गुणगुणत, तिसऱ्या दिवशी खालची ओळ तयार असायची.

मुली हाताशी आल्या तेव्हा ताई खिडकीकडे उभी राहिली आणि धाकटी बॉयलरकडे. यात कुणी काही ठरवलं नव्हतं. ताईला उजेड आवडायचा आणि धाकटी थंडीला भित्री होती, एवढंच. पण दुसऱ्यांच्या घरी आईचे दागिने वाटले जातात तशी या घरात गाण्याची वाटणी झाली. वरची ओळ ताईकडे गेली, खालची धाकटीकडे.

आई गेली, मग बाबा गेले, आणि त्या टेबलाशी दोघी बहिणीच उरल्या. ताई नाटकात नाव काढत होती. दौऱ्यावरून आली की बॅग काउंटरवर टाकून तशीच मागे यायची, चादरीची दोन टोकं उचलायची आणि सुरू व्हायची. वाफेने काच धुरकटलेली, बॉयलर घुरघुरतोय, ओल्या कापडाचा आणि साबणाचा वास, आणि दोघींचा आवाज एकमेकांत बसलेला. धाकटीला आयुष्यात सुख म्हणून जे काही आठवायचं, ते हे होतं. पुढे लाँड्री विकली, तरी घरच्या चादरींची घडी दोघी तशीच घालत. ऑपरेशननंतर ते थांबलं. ताई मुकाट्याने टोकं धरायची आणि धाकटी मुकाट्याने चालत यायची. खालची ओळ एकटीने म्हणायची म्हणजे एकाच पायात चप्पल घालून हिंडण्यासारखं वाटायचं, म्हणून तीही गप्प झाली होती.

हे सगळं तिने पियानोवाल्या बाईंना थोडक्यात सांगितलं. बाईंनी केसांतली पेन्सिल काढली आणि पुन्हा खोचली.

"चला, तुमचा आवाज तरी बघू." त्यांनी एकेक सूर खाली नेत वाजवला, आणि धाकटी त्यांच्यामागे पायऱ्या उतरत गेली. बाई थांबल्या, तिच्याकडे पाहिलं, अजून खाली गेल्या. धाकटी तिथेही होती.

"मावशी, हा खर्जाचा आवाज आहे. जाड नाही, खोल आहे. याला वर ओढलंत तर फाटेल. खाली राहू द्याल तर खोलीतल्या खुंट्या हलतील." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "माणसं आवडीचं गाणं निवडतात आणि तिथेच फसतात. तुमचं आवडीचं बाजूला ठेवा. तुमच्या गळ्याला काय आवडतं, ते शोधा."

ताईला हे सांगितलं तेव्हा तिने डाव आपटला. "नाचता येईना अंगण वाकडं. म्हण. मी शिकवते."

आणि मग आठवडाभर त्या घरात जे चाललं, त्याला तालीम म्हणणं कठीण आहे. ताई खुर्चीत बसून हाताने सूर दाखवायची. हात वर गेला की धाकटीने वर जायचं, हात थांबला की थांबायचं. पहिल्या दोन ओळी कशाबशा जमत. मग 'येते' यायचं, ताईचा हात डोक्याच्या वर जायचा, धाकटी मान ताणून, टाचा उचलून, भुवया चढवून तिथे पोचायचा प्रयत्न करायची आणि आवाज तिथल्या तिथे चिरफळायचा. शेजारचा म्हातारा भिंतीवर ठोकायचा. एकदा त्याने दारात येऊन, कुणाला काही लागलं वगैरे आहे का, अशी चौकशी केली.

पियानोवाल्या बाईंनी पट्टी उतरवून दिली. चाल तीच, पण पाच सूर खालून. आता धाकटीचा आवाज फाटेना. ताईने डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी कुजबुजली, "माझं गाणं आजारी पडल्यासारखं वाटतंय."

ते खरंच होतं. उतरवलेल्या पट्टीत ती चाल चढ चढायची, पण चढल्यासारखी वाटायचीच नाही. दुसरी गाणीही पाहून झाली. दाईचं स्वतःचं अंगाईगीत निम्म्या बायका म्हणणार होत्या, दिग्दर्शकाला तिथल्या तिथे झोप लागली असती. स्वयंपाक्याचं गमतीचं गाणं खालच्या पट्टीत होतं, पण तिसऱ्या ओळीला धाकटीलाच हसू फुटायचं.

"'उजेड ठेव'च म्हणायचं," ताई म्हणाली. "मूळ पट्टीत. सवयीने जमेल. परत."

धाकटीने परत म्हटलं. परत चिरफळलं. ताईचा हात डोक्याच्या वर तसाच राहिला, आणि त्या हाताकडे पाहता पाहता धाकटीच्या डोक्यात काहीतरी तडकलं.

"ते तुझं गाणं आहे, ताई! माझ्या गळ्यातून तुला तुझाच आवाज ऐकायचाय. मी गेले काय, राहिले काय, तुला काय त्याचं!"

म्हटलं आणि तिने जीभ चावली. एवढ्या वर्षांत ती ताईला असं बोलली नव्हती. आता डाव आपटेल, असं तिला वाटलं. ताईने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

"हो," ती म्हणाली. "ऐकायचाय. मला तो फार आठवतो गं. रात्री स्वप्नात मी गाते, आणि सकाळी उठल्यावर..." पुढचं कुजबुजीतही आलं नाही.

धाकटीने तिच्यापुढे चहाचा कप सरकवला. यापुढे तिला वाद घालवेना. पट्टी उतरवून का होईना, ताईचंच गाणं म्हणायचं, चालीसकट, असं तिने मनाशी पक्कं केलं. दाईचं काम हातचं जाणार, हेही तिला दिसत होतं. आजारी गाणं म्हणणाऱ्या बाईला कोण काम देतं? पण ताईला निदान ओळखीची चाल ऐकायला मिळेल.

ऑडिशनच्या दिवशी ताई बरोबर आली. शेवटच्या रांगेत बसली, गळ्याला स्कार्फ, मांडीवर पर्स. डाव घरी ठेवून यायला तिला बरीच समजूत घालावी लागली होती.

दिग्दर्शक तरुण होता, कानात बारीक बाळी, समोर पाण्याची बाटली. त्याने एकामागून एक बायका ऐकल्या. अंगाईगीत खरोखरच पाच जणींनी म्हटलं. धाकटी विंगेत उभी होती. पडदा नवा होता, पण त्याच्यामागचा लाकडी खांब तोच होता, आणि खांबावर तिने कधीकाळी पाठ टेकून टेकून जो भाग गुळगुळीत केला होता, तो हाताला लागला.

शेवटच्या प्रवेशात कोरसला काम नसायचं. बाकीच्या मुली कपडे बदलायला पळायच्या. धाकटी मात्र रोज या खांबाशी थांबायची. समोर उजेडात ताई 'मी येते आहे' म्हणत टिपेला जायची, आणि इथे अंधारात धाकटी ओठांतल्या ओठांत बाबांची खालची ओळ म्हणायची. त्या ओळीत 'येते' वर जात नाही. चाल वर जात असताना ते एकाच सुरावर, खाली, हलायचं नाव न घेता उभं राहतं. इथल्या एकाही प्रयोगाला तिने ते म्हणायचं चुकवलं नव्हतं. ताईला हे माहीत नव्हतं, कुणालाच माहीत नव्हतं.

"पुढच्या कोण? धाकटी?" दिग्दर्शकाने कागदावरून वर पाहिलं. "हेच नाव आहे?"

"हेच आहे," धाकटी म्हणाली आणि उजेडात गेली.

पियानोवाल्या बाईंनी सुरुवातीचे सूर वाजवले, ठरल्याप्रमाणे उतरवलेल्या पट्टीत. धाकटीने श्वास घेतला, शेवटच्या रांगेकडे पाहिलं. ताईचा हात हळूहळू वर येत होता, सूर दाखवायला.

"थांबा," धाकटी म्हणाली. "मूळ पट्टीत वाजवा."

बाईंनी भुवया उंचावल्या. "मावशी, मूळ पट्टीत 'येते'..."

"माहीत आहे. मूळ पट्टीत वाजवा. आणि चाल वाजवू नका. नुसता आधार द्या. चालीची जागा रिकामी ठेवा."

बाईंना समजलं. त्यांनी पेन्सिल कानावर सरकवली आणि अगदी हलक्या हाताने सुरू केलं.

धाकटीने खालची ओळ म्हटली. एकटीने, पहिल्या शब्दापासून. आवाज कुठे ताणायचा नव्हता, टाचा उचलायच्या नव्हत्या. बॉयलरजवळ उभं राहिल्यासारखे तिचे पाय ऊबदार झाले. ती ताईसाठी जागा सोडत सोडत चालली. जिथे ताई श्वास घ्यायची तिथे ती थांबली, जिथे ताई शब्द लांबवायची तिथे तिने वाट पाहिली. मग 'येते' आलं. वर काहीच नव्हतं. त्या काहीच नसलेल्याच्या खाली धाकटीचा एकच सूर उभा राहिला, भरलेला, आणि ताईला जेवढा वेळ वर थांबायची सवय होती तेवढा वेळ थांबला. ज्यांनी ते नाटक पाहिलं होतं अशी चार-दोन जुनी माणसं हॉलमध्ये होती. त्यांतल्या तिकीटखिडकीवरच्या म्हाताऱ्याने मान वर करून छताकडे पाहिलं.

गाणं संपलं. धाकटीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. ताईचा हात खाली होता. ऑपरेशननंतरसुद्धा कुठलंही गाणं लागलं की ताईचे ओठ हलायचे, जित्याची खोड. आज ते हलत नव्हते.

"हे 'उजेड ठेव'च ना?" दिग्दर्शकाने विचारलं. "मग त्याची चाल?"

"चाल ताईची आहे," धाकटी म्हणाली. "माझ्याकडे एवढंच आहे."

दिग्दर्शक पियानोवाल्या बाईंशी जाऊन काहीतरी बोलला. परत आला तेव्हा त्याने बाटलीतलं पाणी प्यायलं, आणि दाईचं काम तिचंच, असं तिथल्या तिथे सांगून टाकलं. शिवाय शेवटच्या प्रवेशात मुलगी परत येताना दाई दारात उभी असते, तिला आजवर नुसतं उभं ठेवत होते. आता तिने तिथे हेच म्हणायचं, मुलीच्या खालून. धाकटीने मान डोलावली. आनंद झाला होता, भरपूर झाला होता, पण तिचं सगळं लक्ष ताईकडे होतं. तिचं गाणं ऐकवायचं सोडून आपण भलतंच ऐकवून बसलो, असं तिला वाटत होतं.

वाटेत ताई एक शब्द बोलली नाही. फळवाल्याने विचारलं, "काय ताई, काय झालं?" ताई तशीच पुढे निघाली. ताई मूग गिळून बसली आहे, हे दृश्य धाकटीने पूर्वी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे काय करावं ते तिला कळेना. घरी आल्या आल्या तिने दोरीवरच्या चादरी काढल्या, कारण हाताला काम असलं की बरं असतं.

तिने चादर झटकली. ताईने पुढे होऊन पलीकडची दोन टोकं धरली. दोघी एकमेकींकडे चालत आल्या. टोकं हातात देताना ताईने तिचे हात सोडले नाहीत.

"हे तू तेव्हाही म्हणायचीस?" ताई कुजबुजली. "लाँड्रीत?"

"हो."

"आणि नाटकात?"

"विंगेत. खांबाशी. बाबांचंच आहे ते, माझं काही नाही त्यात."

"रोज?"

"रोज, ताई."

ताईचे डोळे भरून आले. "खाली काहीतरी आहे एवढंच कळायचं गं मला. पाय ठेवायला जमीन असते तसं. काय आहे ते ऐकलंच नाही कधी. मी गात होते ना."

धाकटीला हुंदका आवरेना. तिने चादरीनेच डोळे पुसले. धुतलेल्या चादरीने डोळे पुसते म्हणून एरवी ताई ओरडली असती.

ताई तिची दोन टोकं घेऊन मागे मागे गेली, चादर ताठ होईपर्यंत. खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"म्हण परत," ती म्हणाली. "मी गप्प बसते."